चौथ्या हवाई तळाचं शेपूट

१

समितीचे लोक जेवायला गेले तेव्हा विमानाचं शेपूट जागेवर होतं. जेवून, जरा लवंडून ते परत आले तेव्हा जागा होती, शेपूट नव्हतं.

शेपूट पुरुषभर उंचीचं, वर निमुळतं होत गेलेलं आणि नुकतंच चंदेरी रंगवलेलं. लढाई संपल्यापासून ते जुन्या बराकीच्या भिंतीला टेकून उभं होतं. एका तारेने त्याला खिळ्याशी बांधलेलं होतं. आता नुसती तार लोंबत होती. पुढच्या दाराला कुलूप होतं. कुलपापाशी पहारेकरी होता आणि तो जागा होता, ही गोष्ट पुढे सगळ्यांनाच संशयास्पद वाटली. मागची मोठी खिडकी रंग वाळावा म्हणून सताड उघडी होती, पण तिच्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. कारण शेपटासमोर समितीने पाटी लावली होती: ‘अस्सल लढाऊ विमानाचा अवशेष. चार माणसांनाही न उचलणारा. हात लावू नये.’ चार माणसांना न उचलणारी वस्तू खिडकीतून जात नाही, एवढं समितीला कळत होतं. ती दारातूनही जात नाही. तरी ती गेली होती.

हे गाव म्हणजे शेतं, एक शाळा, एक दूध केंद्र आणि एक धावपट्टी. लढाईच्या काळात या शेतकऱ्यांच्या राज्यात तीन हवाई तळ बांधले गेले, असं सरकारी इतिहासात लिहिलेलं आहे. गावाचं म्हणणं, चार. चौथा आमचा. सरकार म्हणे, नोंद नाही. गाव म्हणे, मग ही धावपट्टी काय आम्ही हौसेने बांधली?

भांडण तसं जुनंच, पण यंदा त्याला निकड आली होती. नदीपलीकडच्या मोठ्या तळावर, जो अजून चालू आहे, राज्यातल्या हवाई तळांवर कामी आलेल्या माणसांच्या नावांची भिंत उभी राहत होती. गावाकडे त्या भिंतीसाठी एकच नाव होतं: गावाच्या मावशीच्या नवऱ्याचं. लढाईत एका रात्री या तळावर बॉम्ब पडले, त्यात तो गेला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पण जिथे तळच नाही तिथे तळावर मेलेला माणूस कुठून येणार, असं सरकारी उत्तर होतं. शेवटी निवृत्त गुरुजींच्या अर्जांना कंटाळून तळाने एक अधिकारी पाठवायचं कबूल केलं. अधिकाऱ्याने शेपूट तपासायचं, खात्री पटली तर नाव भिंतीवर लावायचं. नाही पटली तर विषय कायमचा बंद.

त्या सकाळीच समितीच्या अध्यक्षांनी मावशीला बोलावून फीत कापायची तालीम घेतली होती. कात्री कशी धरायची हे त्यांनी, आयुष्यभर विळा धरलेल्या बाईला, तीनदा दाखवलं. “उद्या संग्रहालय तुमच्या हातून उघडायचं, मावशी. आज दुपारी मोठ्या तळावरचे साहेब येताहेत. शेपूट ठोकून, खरवडून बघणार म्हणे. म्हटलं बघा, खुशाल बघा.”

आणि आता बघायला काही उरलं नव्हतं. अध्यक्ष रिकाम्या भिंतीकडे बघत असताना पहारेकरी म्हणाला, की साहेब आले आहेत. साहेब नाहीत, बाई आहेत. आणि त्या बाहेर उभ्या राहून ओलं बोट हवेत धरून आहेत.

२

मोठ्या तळावर या बाईंची सगळी नोकरी हवामान विभागात गेली होती. वारा कुठून, ढग किती, विमान सोडावं की नाही. आता निवृत्ती जवळ आल्यामुळे त्यांच्याकडे इतिहास दिला होता. निवृत्तीला आलेल्या माणसाला इतिहास देतात. त्यात आता बिघडण्यासारखं काही नसतं. बोट ओलं करून वारा बघायची सवय मात्र सुटली नव्हती. गावाने त्यांचं नाव लगेच हवामानबाई ठेवलं.

अध्यक्षांनी प्रकरण आधीच उलगडलेलं होतं. ते दूध केंद्राचे, वाचनालयाचे आणि स्मशान सुधार मंडळाचेही अध्यक्ष होते. गावात जिथे खुर्ची असे तिथे ते असत. त्यांच्या मते हे खालच्या गावाचं काम. खालच्या गावाला संग्रहालय हवं होतं. त्यांनी ट्रक आणला, आठ माणसं आणली, पहारेकऱ्याला फितवलं.

हवामानबाई खाली बघत म्हणाल्या, “ट्रकची खूण दिसत नाही.”

बराकीभोवतीचं अंगण समारंभासाठी नुकतंच सारवलं होतं, शिंपलं होतं. त्यावर शेळ्यांची खुरं होती, चपला होत्या, अनवाणी पावलं होती, सारवणाऱ्या बायकांच्या टोपल्यांचे गोल ठसे होते. चाक मात्र एकही नव्हतं.

“उचलून नेलं असेल,” अध्यक्ष म्हणाले.

“चार माणसांना उचलत नाही ना?”

अध्यक्षांनी पाटीकडे पाहिलं. पाटीवरचा मजकूर त्यांनी स्वतः लिहिला होता, त्यामुळे त्यावर अविश्वास दाखवणं अवघड होतं.

“मी संध्याकाळपर्यंत आहे,” बाई म्हणाल्या. “उद्या अहवाल द्यायचा आहे. शेपूट मिळालं नाही, तर मी पाहिलं काय म्हणून लिहू?”

मागे उभे असलेले गुरुजी हे ऐकून पांढरे पडले. चोरीने बसलेला धक्का, असं सगळ्यांना वाटलं. बाईंनी मात्र बघितलं, की गुरुजी रिकाम्या भिंतीकडे एकदाही वळून बघत नाहीत. ते सारखे खिडकीकडे बघत होते.

३

पहिला संशयित रंगारी. त्याच्यावर अध्यक्षांचा राग जुना होता, म्हणजे आठवडाभराचा. शेपटासाठी दिलेला रंग त्याने दोनदा संपवला आणि तिसऱ्यांदा मागितला. अध्यक्षांचं म्हणणं, त्याने घरची दारं रंगवून घेतली. रंगारी म्हणाला, दारं येऊन बघा, हिरवी आहेत.

“मग रंग गेला कुठे?” बाईंनी विचारलं.

“प्यायलं ते. पहिला हात दिला, तासाभरात गडप. दुसरा हात, तोही गडप. तिसरा वाळावा म्हणून खिडकी उघडी ठेवली, तरी आज सकाळी बोटाला लागत होतं. असं तहानलेलं विमान मी नाही बघितलं.” त्याने आधी एकही विमान रंगवलेलं नव्हतं, हे त्याने प्रामाणिकपणे जोडलं.

दुसरा भंगारवाला. धातू चोरीला गेला की त्याच्याकडे जायचं ही रीतच होती आणि त्याने त्यासाठी दारात एक बाकडं ठेवलं होतं. त्याने हवामानबाईंना चहा दिला, अध्यक्षांनाही दिला, आणि खुशाल सगळा माल उलथापालथा करून बघा म्हणाला. बघितला. नव्हतं.

“तुम्हाला ते कधी विकत घ्यावंसं वाटलं नाही?” बाईंनी विचारलं.

“नाही.”

“का?”

भंगारवाल्याने अध्यक्षांकडे पाहिलं आणि चहाचा घोट घेतला. “फुकट दिलं तरी नको होतं. गावाच्या अभिमानाला आमच्या धंद्यात भाव नाही.”

अध्यक्ष बाहेर पडताना म्हणाले, बघितलं, कसा टाळतोय. बाई म्हणाल्या, बघितलं.

तिसरे गुरुजी, पण ते संशयित म्हणून नव्हे, जाणकार म्हणून. तळाच्या इतिहासावर त्यांनी पुस्तिका लिहिली होती आणि ती ते भेटेल त्याला देत. गावात आता न भेटलेलं कुणी उरलं नव्हतं. बाईंनी ती बराकीच्या पायरीवर बसून वाचली. गुरुजींची पद्धत अशी, की आधी पुरावा द्यायचा आणि मग त्यातून वैमानिकांचा एखादा सद्गुण काढायचा. बराकीच्या आवारात दिव्यांच्या काचांचे ढिगाने तुकडे सापडतात. यावरून वैमानिक वाचनाचे शौकीन असावेत. गावकऱ्यांना तळाजवळ जायला बंदी होती, पण लांबून विमानं दिसत. ती कायम एका रांगेत, जागची न हलता उभी असत. यावरून तिथली शिस्त दिसून येते. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना बॉम्बचे खड्डे मोठ्या तळापेक्षा कितीतरी जास्त आहेत. यावरून शत्रूच्या मनातलं या तळाचं महत्त्व कळतं.

बाईंनी पुस्तिका मिटली. “गुरुजी, गावात कुणी इथून विमान उडताना पाहिलंय?”

गुरुजींनी बराच विचार केला. “उभी असलेली खूप जणांनी पाहिलीत.”

“उडताना?”

“मी स्वतः तेव्हा लहान होतो,” गुरुजी म्हणाले, आणि हे उत्तर नाही हे त्यांनाही ते देताना समजलं.

“आणि बॉम्ब पडले त्या रात्रीबद्दल पुस्तिकेत एकच ओळ आहे.”

“मावशी, म्हणजे आमच्या वहिनी, सांगत नाहीत. माझे केस काळे होते तेव्हापासून विचारतोय. एकच उत्तर, मला काही ठाऊक नाही. दुःख असतं माणसाला.”

बाईंनी वाकून मातीतून काचेचा एक वळलेला तुकडा उचलला, पुसला आणि खिशात टाकला. मग विचारलं, या वहिनी आत्ता कुठे भेटतील?

४

मावशी धावपट्टीवर भेटल्या. सुगीच्या दिवसांत सगळं गाव धावपट्टीवरच असायचं. लढाईने गावाला दिलेली ती एकच सपाट गोष्ट होती. पट्टीभर राशी पडल्या होत्या, बायका ओळीने उभ्या राहून सुपाने धान्य वारवत होत्या, डोक्यावरून टोपल्या, चटया, पोत्यांचे गठ्ठे इकडून तिकडे जात होते. प्रत्येकीने उन्हासाठी चार काठ्यांवर पोती टाकून आडोसा केला होता.

मावशी सत्तरीच्या पुढच्या, पण सूप वर धरलं की हात जराही थरथरत नव्हता. अधिकारी बाई दिसल्यावर त्यांनी सूप ठेवलं, आडोशाला बसवलं, तांब्या पुढे केला. “पाणी घ्या, बाई. ऊन आहे.”

बाईंनी पाणी घेतलं. शेपूट गेल्याचं कळलं का, असं विचारलं. कळलं, मावशी म्हणाल्या. तुमचे यजमान तळावर काय काम करायचे? मला काही ठाऊक नाही. ते गेले त्या रात्री तुम्ही कुठे होता? घरी. बाकी मला काही ठाऊक नाही. उत्तरं गोड होती, आणि दार लावल्यासारखी.

बाईंनी विषय बदलला. समोर बायका वारवत होत्या, आणि भूस सरळ पट्टी ओलांडून कडेच्या चरात पडत होतं. शेजारच्या राशीवर एक काडी उडत नव्हती. बाईंनी नकळत बोट ओलं करून वर धरलं.

“छान वारा आहे.”

“त्यासाठीच इथे येतो आम्ही,” मावशी एकदम मोकळेपणाने म्हणाल्या. धान्याचा विषय त्यांना बंद नव्हता. “इथे वारा कायम आडवा. भूस थेट चरात. दुसरीच्या राशीवर जात नाही, म्हणून भांडण नाही. पट्टीच्या लांबीने वारा असता ना, तर रोज झिंज्या उपटल्या असत्या एकमेकींच्या.”

“बारा महिने असाच?”

“माझ्या लग्नापासून तरी...” मावशी थांबल्या. बाईंच्या वर धरलेल्या बोटाकडे त्यांनी बघितलं, मग बाईंच्या गणवेशाकडे. “मला काही ठाऊक नाही,” त्या म्हणाल्या आणि उठून वारवायला लागल्या.

बाईंनी आजूबाजूला बघितलं. शेजारणींच्या आडोशांची पोती वाऱ्याने फडफडत होती. मावशीचा आडोसा मात्र ढिम्म होता. सावली गडद, सरळ कडेची, आणि तिला कसलासा ओला, उग्र वास येत होता. बाईंनी उरलेलं पाणी संपवलं आणि तांब्या नीट जागेवर ठेवला.

बराकीपाशी परत आल्या तेव्हा दारात गर्दी होती. मधोमध गुरुजी उभे होते. अध्यक्ष त्यांच्याकडे, पगडी घातलेल्या बैलाकडे बघावं तसे बघत होते.

“आलात? बरं झालं,” अध्यक्ष म्हणाले. “यांनी कबूल केलंय.”

५

गुरुजींनी कबुलीजबाब उभं राहून, वर्गात धडा म्हणावा तसा दिला. शेपूट मी नेलं. भर दुपारी नेलं. संग्रहालयात इतिहासाची हेळसांड होते, म्हणून नेलं. नदीत टाकलं.

“एकट्याने?” बाईंनी विचारलं.

“चार जण होतो.”

“बाकीचे तीन कोण?”

“ते मी सांगणार नाही.”

“जड होतं?”

“जड?” गुरुजींनी कंबरेवर हात ठेवला. “आई गं. खिडकीतून काढताना कंबर गेली माझी. पोलाद हो ते. खिडकीबाहेर पडलं तेव्हा जमीन हादरली.”

अध्यक्षांना वाईट वाटलं. तीस वर्षं ज्यांच्याकडून भाषणं लिहून घेतली त्यांनाच पोलिसांत द्यायचं, शिवाय तक्रार तरी आता कुणाकडून लिहून घ्यायची, हा प्रश्न होताच. बाईंनी खिडकीखालचं सारवण पुन्हा एकदा बघितलं. गुळगुळीत होतं.

“गुरुजी,” त्या हळू म्हणाल्या, “तुम्ही त्या शेपटाला कधी हातसुद्धा लावलेला नाही.”

“पाटीवर तसं लिहिलंय,” गुरुजी पटकन म्हणाले, आणि मग त्यांनी जीभ चावली.

बाईंनी सगळ्यांना आत बोलावलं. पहारेकऱ्याला धावपट्टीवर पाठवून मावशीला आणायला सांगितलं. फितीची तालीम पुन्हा घ्यायची आहे म्हणून सांग, असं म्हणाल्या. अध्यक्षांना ती कल्पना मनापासून आवडली.

६

मावशी येऊन दाराजवळच्या बाकावर बसल्या. भंगारवाला आणि रंगारी भिंतीला टेकून उभे राहिले. बाई रिकाम्या जागेपाशी उभ्या होत्या.

“रंगाऱ्याने रंग चोरला नाही. ते खरंच प्यायलं. पोलाद रंग पीत नाही. कापड पितं, लाकूड पितं. यांनी ते घेतलं नाही,” त्यांनी भंगारवाल्याकडे मान वळवली, “कारण कधीतरी त्यावर टिचकी मारून बघितली असणार.”

भंगारवाला म्हणाला, दहाएक वर्षं झाली. कशाला कुणाचं मन मोडा.

“शेपूट लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडाचं होतं. त्याला चार माणसं कशाला? चटई डोक्यावर नेता येते, तसं ते एकाला नेता येतं. खिडकीतून सहज. वर पोतं टाकलं, तर या दिवसांत कुणी वळूनही बघणार नाही.”

अध्यक्ष खुर्चीत बसले. “म्हणजे आमचं विमान खोटं?”

“सगळीच. ती उडत नव्हती, कारण उडणारी नव्हतीच. मी आयुष्यभर वाऱ्याचं काम केलंय. धावपट्टी वाऱ्याच्या दिशेने बांधतात, विमान वाऱ्याला सामोरं जाऊन उडतं. ही पट्टी बारा महिने वाऱ्याला आडवी आहे. धान्याला उत्तम, विमानाला घातक. ज्याने ही बांधली त्याला इथे विमान उतरवायचंच नव्हतं. वरून दिसली की झालं.”

बाईंनी खिशातून काचेचा तुकडा काढून खिडकीत ठेवला.

“लढाईत भोंगा झाला की सगळीकडे दिवे विझवत. मोठ्या तळासकट तिन्ही तळ काळोखात बुडून जात. आणि त्याच वेळी कुणीतरी इथे, या पट्टीच्या दोन्ही कडांनी, कंदील पेटवत जाई. शत्रूच्या विमानाला खाली एकच तळ दिसे. हा.”

गुरुजींचे ओठ हलले. पुस्तिकेतली खड्ड्यांची ओळ त्यांना आठवली असावी.

“त्या रात्री आमच्या तळावर एक बॉम्ब पडला, तोही वाट चुकलेला. बाकी सगळे इथे पडले. आमच्याकडे त्या रात्री बराकीत झोपलेली सगळी माणसं सकाळी उठली. आमच्या भिंतीवर नावं इतकी कमी का, याचा मी महिनाभर विचार करत होते.”

अध्यक्षांनी घसा साफ केला. हे सगळं ठीक, पण शेपूट कुणी नेलं?

बगलेतली टोपी बाईंनी डोक्यावर नीट बसवली, चालत दाराशी गेल्या आणि बाकासमोर ताठ उभ्या राहिल्या. वरिष्ठापुढे उभं राहतात तशा.

“मावशी, मी हवाई दलाची अधिकारी आहे, आणि हे मी त्या नात्याने सांगते. लढाई संपलेली आहे. इथे जे काम चाललं ते आता गुपित नाही. तुम्हाला बोलायची मोकळीक आहे.”

मावशींनी त्यांच्या टोपीकडे बघितलं.

“नक्की?”

“नक्की.”

“लढाई संपल्याचं मला कळलं होतं,” मावशी म्हणाल्या. “मी काही अडाणी नाही. पण गुपित संपलं हे सांगायला कुणी आलंच नाही. ते त्या रात्री कंदील घेऊन निघताना म्हणाले होते, कुणाला म्हणजे कुणाला कळता कामा नये. हा नियम किती दिवसांचा, ते सांगायचं राहिलं. ते परत येऊन सांगणार होते.” त्यांनी पदराने हात पुसले. बोटांना चंदेरी रंग होता आणि तो निघत नव्हता. “सकाळी हे अध्यक्ष म्हणाले, शेपूट ठोकून बघणार. ठोकलं की कळलंच असतं. माझ्या आडोशाला आहे. तुम्ही बसला होता त्याखाली.”

“तुम्ही आमच्यापासून लपवलंत? आम्ही तर आपलेच,” बाई म्हणाल्या.

“त्यांनी आपलेतुपले असं काही सांगितलं नव्हतं.”

“शेपूट मिळालं नसतं, तर त्यांचं नाव भिंतीवर लागलं नसतं. हे माहीत होतं तुम्हाला?”

“होतं की.” मावशींचा आवाज शांत होता. “नाव नसतं लागलं. शब्द तर राहिला असता.”

गुरुजी खिडकीकडे तोंड करून उभे होते. दुपारी शाळेच्या ओसरीवरून त्यांनी वहिनींना खिडकीतून काहीतरी मोठं ओढून काढताना पाहिलं होतं. का, ते त्यांना कळलं नव्हतं. कंबर मात्र त्यांनी लगेच देऊ केली होती.

७

बाईंनी अहवाल तिथेच, फितीच्या टेबलावर बसून लिहिला. राज्यात हवाई तळ तीनच होते, असं त्यात लिहिलं. ते वाचून अध्यक्षांचा चेहरा पडला. पुढे लिहिलं, की तिन्ही शिल्लक राहिले ते या जागेमुळे, आणि भिंतीवर पहिलं नाव या जागेवरच्या माणसाचं असावं. अध्यक्षांचा चेहरा पूर्ववत झाला. खालच्या गावाकडे खोटा तळ नव्हता, ही बाजू त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही.

शेपूट परत आणायचं ठरलं तेव्हा अध्यक्षांनी सवयीने चार माणसं बोलावली. मावशी म्हणाल्या, “सरका.” त्यांनी आडोशावरची पोती काढली, डोक्यावर चुंबळ ठेवली, शेपूट उचललं आणि पट्टीवरून चालू लागल्या. चार धडधाकट माणसं मोकळ्या हातांनी मागून येत होती. वारवणाऱ्या बायका सूप धरून बघत राहिल्या. वारा आडवा होता, त्यामुळे मावशींना शेपूट जरा तिरकं धरावं लागत होतं, पण ते त्यांना जमत होतं.

शेपूट भिंतीला टेकलं. रंगाऱ्याने चौथ्या हाताबद्दल विचारलं. पाटी काढायची की नाही यावर समितीची बैठक ठरली. हवामानबाई निघून गेल्या, जाताना दारात पुन्हा एकदा बोट ओलं करून.

मग बराकीत दोघंच उरली. गुरुजी बाकाच्या एका टोकाला टेकले. खिशात पेन्सिल होती, ती त्यांनी काढली नाही. त्यांनी तोच प्रश्न विचारला, जो ते केस काळे होते तेव्हापासून विचारत होते.

“वहिनी, त्या रात्री काय झालं?”

मावशींनी दार लोटून घेतलं आणि त्यांच्या शेजारी येऊन बसल्या.

“वेळ आहे ना भावजी? सांगते.”